धावड्याची मूठ

मामंजी, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, तरी रोज कुणी ना कुणी दुकानाच्या फळीला टेकून तुमच्या मुलाला तेच सांगतं, की लोणावळ्यात असा मुठीचा कारागीर पुन्हा व्हायचा नाही. सांगताना भिंतीवरच्या रुप्याच्या पदकाकडे बोट दाखवतात. मी आत चहा टाकते आणि ऐकते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याबद्दल कुणाशी बोलत नाही. तुमच्याशीच बोलते आहे.

चांगलं आधी सांगते, म्हणजे भागीरथी कृतघ्न निघाली असं कुणी म्हणायला नको.

मी आंदर मावळातली. भाताचं शेत, चार गुरं, एवढ्यात वाढलेली. तळेगावला मामाकडे राहून चौथी शिकले आणि तुमच्या घरात सून म्हणून आले. तुम्ही जातीचे सुतार, पण गाडा-नांगर सोडून घडीच्या चाकूंच्या मुठी करत होतात. पाती आणि कमानी पुण्याच्या लोहाराकडून यायच्या, मूठ तुमची. थंड हवेला आलेले साहेब, पारशी, शेटजी तुमच्या दुकानाशी थांबायचे. तुमच्या मुलाला रेल्वेच्या इंजिनशेडात नोकरी लागली आणि कामाच्या ठोकळ्यावर तुमच्या शेजारी बसायला माणूस उरला नाही. मग एका दुपारी तुम्ही मला हाक मारलीत.

"सूनबाई, हितं बस. कानस धर."

शेजारच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, "सुनंला ठोकळ्यावर बसिवली व्हय? लोक काय म्हनतील?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "माझ्या घरात कानस कुनाच्या हातात द्यायची ते मी ठरवीन." त्या एका वाक्यावर मी पुढची पाच वर्षं तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही.

म्हशीचं शिंग गरम पाण्यात किती वेळ ठेवलं की वाकतं, हे तुम्ही शिकवलंत. आपल्या इथल्या चार महिन्यांच्या पावसात शिंगाच्या फळ्या फुगतात, खिळे ढिले होतात आणि पातं मुठीच्या आत घासायला लागतं, हेही तुम्हीच दाखवलंत. ज्याला पावसात काम आहे त्याला सांबरशिंग द्यायचं. रानात गळून पडलेली ती शिंगं ठाकरवाडीच्या बाया आणून द्यायच्या आणि तुम्ही ती नखानं वाजवून बघायचात. हाडाला भेगा जातात. पितळ थंडीत बोटांना चावतं. विलायती चाकूंवरची सेल्युलॉइडची फळी हस्तिदंतासारखी दिसते, पण शेगडीजवळ नेली की भसकन पेटते. पहिल्या महिन्यात माझ्या तळहातांना फोड आले, तेव्हा तुम्ही स्वतः हळद-तेल लावलंत. बापानं लावावं तसं. ते मी विसरलेली नाही.

आपला वाद एकाच गोष्टीवरून होता. तुम्ही मूठ इतकी घोटायचात की तिच्यात तोंड दिसावं. खिशातून काढल्याबरोबर समोरच्याची नजर ठरली पाहिजे, असं तुमचं म्हणणं. मी एकदा भीतभीत म्हणाले, "मामंजी, दिसायला लय चांगली हाय, पण वल्या हातात ऱ्हायची न्हाई."

तुम्ही हसलात. "साहेब कशाला हात वला करतोय?"

मीही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं.

मग माझ्या थोरल्या बहिणीचं झालं. अक्काच्या धाकट्या दिराच्या लग्नाला तुम्ही आला होतात आणि तिला काळ्या शिंगाचा, आरशासारखा घोटलेला चाकू भेट दिला होतात. लावणीच्या दिवसांत चिखलात बैलाच्या पायात कासरा गुंतला. बैल घाबरून ओढत होता. अक्कानं कमरेचा चाकू काढला, उघडला आणि कासरा कापायला जोर लावला. तिचा हात मुठीवरून पुढं घसरला तो थेट पात्यावर. अंगठ्याजवळची दोन बोटं आतून कापली गेली. पावसात डोलीत घालून तिला तळेगावला नेली. जखम भरली, बोटं राहिली, पण ती पुन्हा वाकली नाहीत. भाताचं रोप चिखलात रोवायला नेमकी तीच दोन बोटं लागतात, मामंजी. त्या सालापासून अक्का बांधावर बसून दुसऱ्यांची लावणी बघते.

मी माहेरून परत आले आणि तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही सांबरशिंग कापत होतात. करवत थांबली नाही.

"बाईमानसाच्या हातात चाकू बसत न्हाई," तुम्ही म्हणालात. "त्यात चाकवाचा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी भाकरीचं पीठ मळताना त्यातला एक गोळा घेतला, मुठीत दाबला आणि सोडून बघितला. माझ्या हाताचा आतला सगळा आकार त्या गोळ्यावर उमटला होता. मग मी वेडच घेतलं. भाजीवालीला, रेल्वेच्या गँगमनला, शिंगं आणणाऱ्या ठाकरबाईला, जो दुकानाशी येईल त्याला मी गोळा द्यायची आणि म्हणायची, जोरात दाबा. लोक हसायचे पण दाबायचे. माहेरी गेले तेव्हा अक्कालाही दाबायला लावला, तिच्या तीन बोटांनी. तुम्ही हे सगळं बघत होतात. एकदा म्हणालात, "पीठ नासू नकोस." बाकी अडवलं नाहीत, हेही खरं.

मूठ मी धावड्याच्या लाकडाची केली. कुऱ्हाडीच्या दांड्याला आपल्याकडे धावडाच घालतात, कारण तो घाव सोसतो आणि पावसाला भीत नाही. करंगळीकडे निमुळती केली आणि अगदी शेवटाला थोडी पसरट, म्हणजे हात मागं सुटत नाही. पात्याजवळ एक उंचवटा ठेवला, म्हणजे हात पुढं जात नाही. पातं घडी होऊन आत बसतं त्या चिरेच्या कडा बोटांना रुततात. त्या मी गोल केल्या. घोटाई केलीच नाही. बारीक कानशीच्या रेघा तशाच राहू दिल्या आणि वरून जवसाचं तेल मुरवलं. नखानं पातं उघडायची खाच मोठी केली. सबंध पावसाळा गेला. आठ मुठी चुलीत घातल्या, नववी ठेवली.

तुम्ही ती हातात घेतलीत. मी पाण्याचा तांब्या आणि तुपाची वाटी पुढं केली. तुम्ही हात तुपात बुडवलात, वर पाणी घेतलंत आणि सांबरशिंगाच्या तुकड्यावर पातं रेटलंत. हात हलला नाही. तुम्ही पुन्हा रेटलंत. मग बराच वेळ मुठीकडे बघत राहिलात.

"ठेव तितं," म्हणालात.

मी त्या दोन शब्दांवर आठवडाभर आनंदात होते.

पुण्याला स्वदेशी मालाचं प्रदर्शन भरलं. तुम्ही मुठी घेऊन गेलात, त्यात माझीही होती हे मला ठाऊक होतं. चार दिवसांनी तुम्ही गळ्यात हार घालून स्टेशनावरून चालत आलात. मागं बाजारातली दहा-बारा माणसं. रुप्याचं पदक मिळालं होतं आणि ते धावड्याच्या मुठीला मिळालं होतं. त्यावर तुमचं नाव होतं.

सगळे गेल्यावर मी म्हणाले, "मामंजी, ती मूठ माझी व्हती."

"मंग पदकावर काय सुनंचं नाव घालाय सांगू?" तुम्ही टोपी खुंटीला लावत म्हणालात. "घरातलं घरातच ऱ्हायलं की."

इतकंच असतं तर मी गिळलं असतं. बायका पुष्कळ गिळतात आणि मीही गिळायच्या तयारीत होते. पण दिवाळीला अक्का आली. तिच्यासाठी मी तशाच मुठीचा दुसरा चाकू करून ठेवला होता. तुम्ही तिला बोलावलंत, आपल्या हातानं तो चाकू तिच्या पुढं धरलात आणि म्हणालात, "घ्या बाई. आता तुमचा हात घसरायचा न्हाई. तुमची बोटं गेल्यापासनं जिवाला लागलं व्हतं. म्या सोता केलाय."

अक्कानं मूठ धरली. तीन बोटांनी, पण धरली. तिथं कोपऱ्यात पडलेली दोरी तिनं एका ओढीत कापली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं वाकून तुमच्या पायावर डोकं ठेवलं. तुम्ही तिला आशीर्वाद दिलात. मी दाराशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि नजर वळवली नाहीत.

मी अक्काला नंतर खरं सांगितलं. ती म्हणाली, "आता पाया पडले ते काय म्हागारी घेता येतंय व्हय?"

त्या दिवशी मी कानस खाली ठेवली. भांडले नाही. सकाळी ठोकळ्यावर आले नाही, एवढंच. तुम्ही हाक मारलीत तेव्हा म्हणाले, "सैपाक पडलाय." दुसऱ्या दिवशीही पडला होता. सहा वर्षं पडलेलाच होता.

पदकाची बातमी पसरली. माणसं तीच मूठ मागायला लागली. तुम्ही माझी मूठ समोर ठेवलीत, दोऱ्यानं आणि कंपासानं माप घेतलंत, धावडाच वापरलात आणि केलीत. बघायला हुबेहूब. गिऱ्हाईक हातात घ्यायचं, दोनदा मूठ वळायचं आणि म्हणायचं, "ती मेडलवाली दावा की." तुम्ही पुन्हा करायचात. लाकूड बदललंत, कानस बदललीत, खिळे पितळी घातलेत. मूठ हातात मुकीच राहायची.

का, ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आता सांगते, ऐका. तुम्ही सगळ्या कारागिरांसारखं एकच बाजू मोजलीत. मुठीच्या दोन फळ्या एकावर एक ठेवून, शेगड्याच्या पकडीत आवळून, एकाच वेळी कापायच्या, हे तुम्ही चाळीस वर्षं केलंत. पण हात काही दोन्हीकडून सारखा धरत नाही. एका बाजूला तळव्याचा खळगा येतो, तिथं मूठ भरलेली हवी. दुसऱ्या बाजूला बोटांची टोकं टेकतात, तिथं ती चपटी हवी. माझ्या दोन फळ्यांत तांदळाच्या दाण्याएवढा फरक होता. तेवढ्यात सगळं होतं. मी तुम्हाला ते एका श्वासात सांगू शकले असते. तुम्ही एकदा विचारायला हवं होतंत.

तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहायचात. पाणी मागायचात, प्यायचात आणि जाताना चाकू उंबऱ्यावर विसरल्यासारखा ठेवून जायचात. मी तो पदरानं पुसायची आणि नेऊन ठोकळ्यावर ठेवायची. किती वेळा झालं असेल हे?

लढाई सुरू झाली, विलायती माल यायचा बंद झाला आणि पुण्याचे एक व्यापारी आले. त्यांना अशा मुठीचे चाकू पुष्कळ हवे होते, पण त्याआधी एक मूठ डोळ्यांदेखत करून बघायची होती. तुम्ही दिवसभर बसलात. संध्याकाळी त्यांनी एका हातात तुमची नवी मूठ घेतली, दुसऱ्यात पदकाची, आणि डोळे मिटून दोन्ही वळल्या. मग नमस्कार करून शांतपणे म्हणाले, "आबा, ही पदकाची मूठ तुमच्या हातची नाही."

दुकानात चार माणसं होती. तुमचा खालचा ओठ थरथरला, तो मी दाराच्या फटीतून बघितला. मला आनंद झाला, मामंजी. हे सांगताना माझी जीभ कचरत नाही. मी आत जाऊन गूळ तोंडात टाकला.

त्यानंतर तुम्ही कमरेत वाकलात. तुमचा मुलगा माझ्या विनवण्या करायला लागला. "एकदा सांग ना गं त्यांना. बाप हाय माझा."

"एकदा विचारू दे ना त्यांना," मी म्हणाले. "सासरा हाय माझा."

तो दोघांच्या मध्ये भरडला गेला. त्याचं मला वाईट वाटतं. तुमचंही वाटायचं, नाही असं नाही. रात्रंदिवस कुणी कुणाशी दावा धरू शकत नाही. मधेच तुम्ही खोकलात की मी आपसूक सुंठ कुटायला घ्यायची. तुम्ही ताटावर बसलात की पहिली भाकरी तुमच्या पानात पडायची. तुमची फाटलेली बंडी मी शिवली. पण ठोकळ्यावर बसले नाही.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात त्याच्या थोडं आधीची. मी तांदळाचं पीठ मळत होते. तुम्ही भिंत धरत आलात, परातीशी बसलात आणि काही न बोलता त्यातला एक गोळा उचललात. मुठीत दाबलात. हात उघडून गोळा उजेडाला धरलात. आधी एक बाजू बघितलीत. मग तो हळूहळू फिरवलात आणि दुसरी बघितलीत. पुन्हा पहिली. तुमच्या डोळ्यांना कमी दिसत होतं, तरी तुमचा अंगठा त्या खळग्यावरून फिरायला लागला आणि मला कळलं की अजून क्षणभर गेला तर तुम्हाला सापडेल. माझी गरज उरणार नाही. न विचारता सापडेल.

मी हात पुढं केला आणि तो गोळा तुमच्या हातातून काढून घेतला. परातीत टाकून उरलेल्या पिठात मळला. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी भाकरी थापली, भाजली आणि तुमच्या पुढं ठेवली. तुम्ही ती खाल्लीत.

तुम्ही तेव्हा एक शब्द बोलला असतात तर? मी ते अजून मनात घोळवते. "भागीरथी, दाव मला," एवढंच. मी सहा वर्षांचं सगळं त्या परातीत सोडून दिलं असतं. की नसतं? खरं म्हणजे मला ठाऊक नाही. तुम्ही ती संधी मला दिली नाहीत आणि मी तुम्हाला दिली नाही.

दहाव्याला इंद्रायणीच्या काठी पिंड ठेवले. बाया मागं उभ्या होत्या, त्यांत मी. कावळे समोरच्या जांभळीवर होते, पण खाली येईनात. तुमचा मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, दुकान बंद पडू द्यायचा न्हाई." कावळा आला नाही. तुमचा पुतण्या म्हणाला, "आबा, पदक जिवापाड जपू." कावळा आला नाही. ऊन चढलं. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. बाजारातल्या माणसांना नीट काही ठाऊक नव्हतं, पण काहीतरी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी पुढं होऊन दोन शब्द बोलले असते तर कदाचित तुम्ही सुटला असतात. मी तोंड उघडलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला.

परत येताना वाटेत तुमचा मुलगा म्हणाला, "तुला एक शब्द बोलता आला असता."

"त्यांनाबी आला असता," मी म्हणाले.

मी रडले ते तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तुमची करवत तेलानं पुसताना. तिच्या दांड्याला तुमच्या तळव्यानं पडलेला खळगा होता, एकाच बाजूला. रोज हातात असायची ती. मी तुम्हाला इतका वेळ शिव्या देत रडले, की शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

आणि आज सकाळी पाटी रंगवणारा आला. मी बोलावला होता. त्यानं विचारलं, काय लिहू? मी सांगितलं, भागीरथीबाई, घडीच्या चाकूंच्या मुठी. तुमच्या मुलानं ऐकलं, म्हणाला, "कर तुला काय करायचं ते," आणि डबा घेऊन शेडात गेला. जुना रंग चांगलाच धरला होता. रंगवणारा शिडीवर चढून पत्र्याच्या तुकड्यानं एकेक अक्षर खरवडत होता आणि मी खाली शिडी धरून उभी होते. तुमच्या नावाचे पोपडे माझ्या केसांवर पडत होते. मी डोक्यावर पदर घेतला नाही.